रुखमाबाईनं नवस फिरवला

आरमोरीच्या बाजारात रुखमाबाईची पाटी शोधावी लागत नसे. आवाज ऐकायचा आणि त्या दिशेनं चालू लागायचं. बोडीटोल्याच्या मामा तलावातली, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातली मासोळी ती पंचवीस वर्षं विकत होती, आणि गिऱ्हाइकानं बोट लावायच्या आत तीच सांगून टाकायची, "हे अंड्याची आहे, हे नाई. घ्याची असंन त घे, नाई त पुढं सरक." कापल्यावर तिचं म्हणणं खरंच निघायचं. मासोळीचं पोट आणि माणसाची नियत, या दोन गोष्टींत आपण कधी फसलो नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची.

फसली ती घरच्याच पोटाबाबत. आणि एकदा नव्हे, दोनदा.

नवरा गेल्यावर तिनं एकुलत्या एक भूपेशला वाढवलं, जाळं हातात दिलं आणि अठ्ठ्याण्णव साली वैरागडच्या बाजूची कुंता सून करून आणली. पोरगी वीस वर्षांची, हातापायांनी धडधाकट, कामाला चलाख आणि बोलायला जवळजवळ मुकी. वर्ष उलटलं तरी पाळणा हलेना, तेव्हा रुखमाबाई तिला घेऊन तलावाकाठच्या माता मायच्या ठाण्यावर गेली. सोबत गल्लीतल्या आठ-दहा बाया होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तिनं नवस बोलला.

"माता माय, माह्या सुनेच्या पदरात लेकरू घाल. तोवर ते मासोळीले हात लावनार नाई. सोमवार-गुरुवार एकच वेळ जेवन."

कुंता शेजारी हात जोडून उभी होती. तिला कोणी विचारलं नाही, तीही काही बोलली नाही. बाया म्हणाल्या, सासू असावी तर अशी.

आता ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरातून मासोळी काढली तर ताटात उरतं काय? भात, पातळ वरण आणि मिरचीची चटणी. त्यात वरण आधी पुरुषांना. कुंता सगळ्यांच्या मागून जेवायची. भांड्याच्या बुडाशी राहिलं ते तिचं, आणि सोमवारी-गुरुवारी तेसुद्धा अर्धं. तेवढ्यावर ती आषाढ-श्रावणात दिवस दिवस चिखलात वाकून धानाची रोवणी करायची, पाणी भरायची, सरपण आणायची. वाढताना कोणी "अजून घे" म्हटलं तर तिचं एकच उत्तर ठरलेलं होतं. "झालं बाई, पोट भरलं." रुखमाबाईनं सुनेवर कधी हात उगारला नाही, टोमणा मारला नाही, तिच्या माहेरचा उद्धार केला नाही. तिला फक्त दिसलं नाही. दुसऱ्याची मासोळी उजेडात धरून पाहणाऱ्या बाईनं आपल्या सुनेकडे नीट पाहिलंच नाही.

दोन पावसाळे गेले आणि कुंताची पाळी आधी मागेपुढे झाली, मग थांबली. रुखमाबाईच्या आनंदाला पारावार राहिला नाही. नवस फळला! तिचे भासरे नानाजी, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष होते आणि कुठलीही बातमी आपल्या तोंडून गावाला कळावी अशी त्यांची हौस होती. त्यांनी घरोघरी गूळ-फुटाणे वाटले. पाच महिने झाले तरी पोट दिसेना, तेव्हा म्हाताऱ्या सुईणीनं, बायनाबाईनं, कुंताला आडवं निजवून पोट चाचपलं आणि सांगितलं, "रुखमे, इथी काईच नाई वो."

गाव हसलं. बाजारात एक-दोघींनी विचारलंही, "काऊन रुखमाबाई, आता अंड्याची कोनती अन् बिनअंड्याची कोनती?" रुखमाबाईनं ते हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन जेवली नाही.

पुढं कुंता वडिलांच्या आजारपणाला माहेरी गेली ती तीन महिने राहिली. तिच्या आईला नवसाबिवसाचं सोयरसुतक नव्हतं. पोरीची हाडं दिसतात म्हणून तिनं तिला दूध, तूप, अंडी, मासोळी, जे मिळेल ते पोटभर खाऊ घातलं. तिथं कुंताची पाळी परत सुरू झाली. कुंता सासरी आली, नवस पुन्हा लागू झाला, आणि चार-पाच महिन्यांत पाळी पुन्हा थांबली. पुन्हा गूळ-फुटाणे. पुन्हा बायनाबाईनं मान हलवली.

या सगळ्यातून रुखमाबाईनं काय निष्कर्ष काढावा? तिनं ठरवलं की माहेरी जाऊन पोरीनं नवस बाटवला, म्हणून देवी रुसली. तिनं उपासात शनिवार वाढवला.

दोन हजार दोन सालच्या उन्हाळ्यात नानाजींनी ओसरीवर बसून विषय काढला. "रुखमाबाई, चार वर्स झाले. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत पाहू. नाई त दसरूची पोरगी आहे माह्या नजरेत, भूपेशसाठी. मंडईले त्याले जेवाले बोलावतो, बोलनं करून टाकू." भूपेश खाली मान घालून जाळ्याची गाठ मारत राहिला. रुखमाबाईनं आत पाहिलं, बाहेर पाहिलं, आणि हो म्हणाली. कुंता माजघरात तांदूळ निवडत होती.

त्यानंतर पंधराच दिवसांनी तलावावरून भरली घागर आणताना कुंता चक्कर येऊन पडली. घागर फुटली, कपाळाला खोक पडली. रुखमाबाईनं धावत जाऊन तिला उचललं. आयुष्यभर मासोळीच्या पाट्या डोक्यावर घेणाऱ्या तिच्या हातांना वजन कळत होतं. चोवीस वर्षांची बाई इतकी हलकी नसते.

दुसऱ्या दिवशी तिनं पाटी घेतलीच नाही, सूनच घेतली, आणि आरमोरीला नागपूरहून महिन्यातून दोनदा येणाऱ्या वैरागडे डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला.

बाकावर त्यांच्या आधी एक लठ्ठशी बाई बसली होती. गडचांदूरला सिमेंट कारखान्यात नोकरीला असलेल्याची बायको, माहेरी आलेली. बायका बाकावर बसल्या की पाच मिनिटांत सगळं बोलून होतं. हिचीही पाळी तीन-तीन महिने यायची नाही, हिलाही मूल नव्हतं. दार उघडंच होतं आणि रुखमाबाईचे कान तयार होते. आत डॉक्टरीणबाई तिला म्हणत होत्या, "वजन कमी करा. आठ-दहा किलो गेलं तरी फरक पडेल. चाला, तळलेलं बंद करा."

मग कुंताचा नंबर आला. वजन काटा छत्तीस किलोवर थांबला. डॉक्टरीणबाईंनी डोळे, नखं, पोट, सगळं तपासलं, रक्त घेतलं, टीबीची शंका काढली, थायरॉइडची काढली, सोनोग्राफी केली, आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. भूपेशलाही तपासायला पाठवा म्हणाल्या. तो लाजून लाल झाला, पण आईचा आवाज ऐकून गेला.

दोन आठवड्यांनी सगळे कागद समोर घेऊन त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलात काही दोष नाही. हिच्या पिशवीत, अंडाशयात दोष नाही. टीबी नाही. हिचं एकच दुखणं आहे, ही उपाशी आहे. हिला खायला घाला, वजन वाढवा."

रुखमाबाईचा पारा चढला. "डाक्टरबाई, मी अडानी आहे, पन बहिरी नाई. त्या दिवसी त्या गडचांदूरवालीले सांगतलं, वजन कमी कर. माह्या सुनेले सांगता, वजन वाढव. दोघींची तक्रार एकच. हे कसं वो जमते? एका पाटीतली मासोळी एकीले ताजी अन् दुसरीले शिळी?"

डॉक्टरीणबाई हसल्या. बाहेर रांग होती तरी त्यांनी पेन खाली ठेवला.

"मावशी, चरबी म्हणजे नुसतं ओझं, असं आम्हीही कालपरवापर्यंत समजत होतो. सात-आठ वर्षांपूर्वी शोध लागला की चरबी गप्प बसलेली नसते. ती एक रस तयार करून रक्तात सोडते. लेप्टिन म्हणतात त्याला. तो मेंदूपर्यंत जातो आणि सांगतो, घरात साठा आहे. तो निरोप मिळाला की मेंदू अंडाशयाला हुकूम देतो, चला, अंडं तयार करा. हिच्या अंगात चरबीच उरली नाही, तर निरोप कोण देणार? मेंदू समजतो, दुष्काळ पडलाय. बाईलाच पुरत नाही, पोटात लेकरू राहिलं तर दोघांना कुठून पुरवू? म्हणून तो कामच बंद ठेवतो. पाळी बंद म्हणजे गर्भ राहिला असं नाही, मावशी. इथं पाळी बंद म्हणजे शरीरानं दार लावून घेतलंय."

"अन् ते लठ्ठ बाई?"

"तिच्याकडे निरोप्यांची गर्दी झाली. रोज इतके निरोप येतात की मेंदू ऐकेनासा झाला. शिवाय जास्तीच्या चरबीमुळं शरीरातले दुसरे रसही बिघडतात आणि अंडाशयाचा तोल जातो. फार कमी झालं तरी बिघडतं, फार जास्त झालं तरी बिघडतं. म्हणून तिला वेगळं सांगितलं, हिला वेगळं."

 

रुखमाबाईला आठवत होतं ते दुष्काळाचं साल, जेव्हा तलाव माघातच आटला आणि मासोळ्या डबक्यात कोंडून पडल्या. त्या वर्षी पाऊस पडायच्या वेळी तिनं मासोळ्या कापल्या तर एकीच्याही पोटात अंडी नव्हती. एरवी उन्हाळ्यात ज्या मासोळीच्या आतड्याला पिवळी चरबी दिसायची, आषाढात तिच्याच पोटी अंडी निघायची. म्हणून तर सोसायटीवाले बीजाच्या, म्हणजे अंड्यांसाठी राखलेल्या मासोळ्यांना वेगळ्या टाक्यात ठेवून ढेप, म्हणजे तेलबियांची पेंड, खाऊ घालायचे. हे सगळं तिला पंचवीस वर्षं ठाऊक होतं. या ज्ञानावर तर तिचा बाजारातला तोरा होता.

"हात् माय वो," ती शेवटी म्हणाली. "बीजाच्या मासोळीले ढेप अन् बीजाच्या सुनेले उपास. मीच आंधळी."

"काय म्हणालात?"

"काई नाई. समजलं मले. तुमी बाकी सांगा, काय काय खाऊ घालू?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दोन्ही वेळ पोटभर, मध्ये दोनदा काहीतरी, डाळ, तेल, शेंगदाणे, अंडी, आणि मासोळीपेक्षा चांगलं तर काहीच नाही. यंदा रोवणीला पाठवू नका. महिने लागतील, धीर धरा. शंभर टक्के होईलच असं मी लिहून देत नाही, पण बहुतेक वेळा शरीर ऐकतं.

आता अडचण होती ती नवसाची. मासोळी खायची कशी? मध्येच नवस मोडला तर माता माय कोपेल, यावर गावात कोणाचंच दुमत नव्हतं, रुखमाबाईचंही नव्हतं. दोन दिवस ती विचार करत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं कुंताला न्हायला लावलं, गल्लीतल्या त्याच बाया गोळा केल्या आणि ठाण्यावर गेली. वास लागल्यासारखे नानाजीही मागून आले.

रुखमाबाईनं नारळ फोडला, कुंकू लावलं आणि देवीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माता माय, हिशोब नीट करून घेऊ. नवस कोनं बोलला? मी. तोंड कोनाचं? माह्यं. नातू कोनाले पायजे? मले. मंग उपास तिचा काऊन? बोलनारी मी अन् उपासी ते, असा न्याय कोन्या देवीनं सांगतला? माह्यी चूक झाली. आजपासून नवस माह्या अंगावर. लेकरू येतपर्यंत मासोळी मी खानार नाई, सोमवार-गुरुवार-शनिवार एक वेळ मी जेवन. पोरगी मोकळी. पटत असंन त गप रहा, पटत नसंन त आत्ताच सांग."

देवी गप्प राहिली.

"असा नवस फिरवता येते का कुठी?" नानाजी म्हणाले.

"तिनं नाई म्हनलं का? मंग तुमी कोन?"

बाया पदराआड हसत होत्या. हसायलाच हवं होतं, कारण रुखमाबाईला मासोळीशिवाय घास उतरत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. लेकाच्या लग्नाच्या पंगतीत, वरण-भाताच्या पंगतीत, तिनं सुक्या झिंग्यांची चटणी पदरात बांधून आणली होती. आठ दिवस काढते का पाहू, असं बाया आपसांत म्हणाल्या.

तिनं काढले. कसे काढले ते तिचं तिला माहीत. दिवसभर मासोळी विकायची, कापायची, हाताचा वास घासून काढायचा, संध्याकाळी पुन्हा घरच्यांसाठी रस्सा करायचा आणि आपण चटणी-भात खायचा. या नव्या व्यवस्थेत एक घोटाळा मात्र झाला. रस्स्याचं मीठ कोण पाहणार? सासूला नवस. पुरुषांना चुलीपाशी कोण बोलावतं? तेव्हा मीठ पाहायचं काम कुंताकडे आलं. रोज संध्याकाळी चुलीपुढं बसून कुंता वाटीभर रस्सा आणि मासोळीचा एक तुकडा सगळ्यांच्या आधी खायची. त्या घरात सून पहिली जेवते, हे असं मिठाच्या निमित्तानं सुरू झालं, आणि रुखमाबाईच्या लक्षात आल्यावर तिनं मुद्दाम मीठ कमी-जास्त करायला सुरुवात केली. "पाय बरं, आता जमलं का? अजून एक तुकडा खाऊन सांग."

रोवणीला कुंता गेली नाही. गावात चर्चा झाली. रुखमाबाईच्या सुनेचे भलतेच लाड चाललेत! रुखमाबाईनं बाजारातल्या आवाजात सांगितलं, "हो, करून राह्यली लाड. तुह्या पोटात काऊन दुखते?" आणि स्वतः चिखलात उतरली.

पण श्रावण संपला तरी काटा अडतीसच्या पुढं जाईना. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठी घातली. इतकं खाते तर जातं कुठं? एका सोमवारी रुखमाबाई बाजारातून लवकर परत आली आणि तिला उत्तर परसात सापडलं. कुंता आपल्या ताटातला भात-मासोळी कुत्र्याला घालत होती. पायाची चाहूल लागताच ती दचकून उभी राहिली.

रुखमाबाईच्या तोंडावर शिव्या आल्या होत्या. "काऊन वो? मी तिकडं चटनी-भात गिळून राह्यली, अन् इथी कुत्रं मासोळी खाते?"

 पण चार वर्षांत न बोललेली ती पोर त्या दिवशी बोलली.

"बाई, तुमी नवस घेतला आपल्या अंगावर. पन मंडईले दसरूभाऊ येनार आहे, मले ठावं आहे. मी माजघरातच होती. आता लेकरू नाई झालं, त सारे म्हनतीन, पोरीनं खाल्लं म्हनून नाई झालं. उपासी राहून नाई झालं त देवीची मर्जी, खाऊन नाई झालं त माह्यी चूक. मंग मी उपास कसा सोडू, बाई?"

रुखमाबाई तिथंच, परसातल्या दगडावर बसली.  तिला लाज वाटली, खरीखुरी लाज, गूळ-फुटाण्यांच्या वेळी वाटली होती त्याहून मोठी. पोरीला ताट दिलं, पण ताटापुढं बसायचा धीर दिला नव्हता. एकीकडे ढेप घालायची आणि दुसरीकडे दुसरी मासोळी पाहून ठेवायची, असा हा सगळा कारभार होता, आणि तो तिनंच मान्य केला होता.

"चुकली मी, कुंता," ती म्हणाली. "तुह्या पाठीमागं हो म्हनली, ते चुकली. आयक. तुले लेकरू होवो का न होवो, या घरात दुसरी बाई येनार नाई. हे मी तुले सांगून राह्यली, देवीले नाई. देवीले सांगतलेलं मी एकदा फिरवलं. तुले सांगतलेलं फिरवनार नाई."

 कुंतानं पदरानं डोळे पुसले आणि रिकामं ताट उचललं. त्या संध्याकाळी दोघी चुलीपाशी समोरासमोर बसून जेवल्या, एकीच्या ताटात चटणी, दुसरीच्या ताटात रोहूचा रस्सा. रुखमाबाई शेवटचा घास पोटात जाईपर्यंत हलली नाही. असं रोज होऊ लागलं. भूपेशलाही तिनं कामाला लावलं. शेंगदाण्याचे लाडू संपले का नाहीत हे पाहायची जबाबदारी त्याची. तो आधी लाजला, मग बायकोच्या हातावर लाडू ठेवून ती खाईपर्यंत तिथंच रेंगाळू लागला, आणि नवरा-बायको दोघं बोलतातसुद्धा, हे त्या घरानं पहिल्यांदा ऐकलं.

भादव्यात चाळीस, कोजागरीला बेचाळीस, दिवाळीत त्रेचाळीसच्या वर. कुंताच्या दंडावर मांस आलं, गालांची खोबणी भरली, पोलकं काखेत तटतटू लागलं. कुंता एकदा लाजत म्हणाली, "बाई, मी जाडी होऊन राह्यली." रुखमाबाई म्हणाली, "आत्ता कुठी तू दिसून राह्यली." पाळीचा मात्र पत्ता नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धीर धरा. मेंदूला विश्वास बसायला वेळ लागतो." रुखमाबाईला हे लगेच पटलं. तीन वर्षं फसवलेलं अंग एका हाकेत कशाला विश्वास ठेवेल?

भाऊबीज झाली आणि बोडीटोल्याची मंडई आली. गाव पाहुण्यांनी भरलं, दुकानं लागली, रात्रीच्या नाटकाचा मांडव उभा राहिला. नानाजींना रुखमाबाईनं दोनदा निक्षून सांगितलं होतं की दसरूला बोलावू नका. नानाजींनी दोनदा मान हलवली होती आणि बोलावलं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला दसरू, त्याचा भाऊ आणि नानाजी ओसरीवरच्या सतरंजीवर येऊन बसले. आलेल्या पाहुण्याला ढिवराच्या घरातून उपाशी कसं पाठवायचं? रुखमाबाई दात-ओठ खात चुलीपाशी गेली. भूपेशनं पहाटेच चार किलोचा रोहू आणला होता. तिनं तो कापला, फोडणी दिली, आणि मीठ पाहायला कुंताला हाक मारली.

कुंता आली नाही. पुन्हा हाक मारली, तेव्हा ती परसाच्या दारात, उंबऱ्याच्या पलीकडे उभी दिसली.

"बाई, मले चुलीजवळ येता येत नाई," ती हळूच म्हणाली.

"काऊन? काय झालं?"

कुंतानं मान खाली घातली. "बाहेर बसाची झाली."

रुखमाबाईच्या हातातला पळा तसाच राहिला. मग तिनं तो ठेवला, उंबरा ओलांडला आणि सुनेला, अशा अवस्थेत शिवू नये हे सगळं विसरून, घट्ट पोटाशी धरलं. धरल्यावर तिला पुन्हा वजन कळलं. या खेपेला हातात बाई होती. ती तशीच वळली आणि पदर खोचत ओसरीवर आली.

"आयका वो साऱ्यांनी!" ती बाजारातल्या आवाजात म्हणाली. "माह्यी सून आज बाहेर बसली! एका वर्सानं बसली!"

 दसरूनं पागोटं उगाच सारखं केलं. रस्त्यानं जाणारे दोघे थांबले.

"रुखमाबाई!" नानाजी लालबुंद झाले. "हे काय मानसांत सांगाची गोष्ट आहे? लाज आहे का नाई?"

"वा रे वा, भासरेबुवा! पाळी बंद झाली, तवा तुमी घरोघरी गूळ-फुटाने वाटले. दोन खेपा वाटले. तवा लाज नाई वाटली, अन् आता आली त वाटते? पोरीचं अंग उपासानं मरून राह्यलं होतं, त्याचा आपन सन केला. आज तिचं अंग जागं झालं. सन करासारखं आज झालं." ती दसरूकडे वळली. "दसरूभाऊ, तुमच्या पोरीत खोट नाई. पन या घरात जागा खाली नाई. कालही नव्हती. पोटभर जेवा अन् दुसरं चांगलं घर पाहा."

दसरू हा मुळात भला माणूस होता. आधीच सून असलेल्या घरात पोरगी द्यायची म्हणून त्याच्या बायकोनं घरी रडून गोंधळ घातला होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं हसू आलं. "मी त मंडईले आलो होतो, बाई," तो म्हणाला. "वास बाकी चांगला येऊन राह्यला." नानाजींनी रागानं पान चघळायला घेतलं, पण उठून गेले नाहीत. रोहू चार किलोचा होता.

पाट मांडले. रोहूची मुंडी पाहुण्याच्या मानाची, ती त्या भागात घरातल्या सुनेच्या ताटात कधी जात नाही. रुखमाबाईनं ती मोठ्या वाटीत वेगळी काढून दसरूच्या पाटासमोर ठेवली होती. पण वाढायच्या आधी तिला आठवलं की मीठ कोणी पाहिलंच नाही. तिनं एका वाटीत रस्सा आणि तुकडा घेतला आणि परसाच्या ओट्यावर नेऊन कुंतापुढं ठेवला. कुंतानं घास घेतला, जिभेवर घोळवला आणि मान डोलावली. तुकडा संपवला. रुखमाबाई जायला वळली.

"बाई."

"काय वो?"

"मुंडी कोनाले ठेवली?"

"पाव्हन्याले. काऊन?"

कुंतानं रिकामी वाटी दोन्ही हातांनी पुढं केली. "मले पायजे. भूक लागली मले."

 चार वर्षांत त्या पोरीनं त्या घरात काही मागितलं नव्हतं. रुखमाबाई आत गेली, पाहुण्याच्या पाटासमोरून मोठी वाटी उचलली, नानाजींच्या वटारलेल्या डोळ्यांपुढून ती परसात नेली आणि सुनेच्या ताटात अख्खी मुंडी उपडी केली. स्वतःच्या तोंडाला सुटलेलं पाणी गिळून ती ओट्यावर शेजारी बसली, आणि कुंता हाडं चोखून बाजूला ठेवेपर्यंत तिथून उठली नाही.